चार पितळी खुंट्या

माणसाला घरी परत खेचून आणते ती माया, असं मी कॉलेजातल्या अनेक निरोप समारंभांत, खांद्यावरची शाल सांभाळत, बोललो आहे. आमच्या मुलीच्या बाबतीत ते काम करंगळीच्या पेराहून लहान अशा चार पितळी खुंट्यांकडे होतं.

ती जर्मनीत असते. अजून न बांधलेल्या इमारतींची हुबेहूब चित्रं संगणकावर तयार करते. त्याला दांडगा संगणक लागतो. तिचा जुना दांडगा संगणक हडको वसाहतीतल्या आमच्या घरी, तिच्या खोलीत, चादरीखाली होता. दिवाळीला यायचं ठरलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "बाबा, मशीन चाललं तर महिनाभर राहते, घरूनच काम करते. नाही चाललं तर चार दिवसांत परत."

मी चादर काढून बटण दाबलं. मशीन सुरू झालं आणि आमचा आनंद पुरता व्हायच्या आत तापून बंद पडलं. प्रोसेसर थंड ठेवायला नळ्यांतून पाणी फिरवणारा पंप मेला होता.

तिने तिथूनच नवा वॉटर कूलर मागवला. खोक्यावर शांतता, सामर्थ्य आणि परिपूर्णता यांची ग्वाही होती. एवढं तर लग्नपत्रिकेतही कोणी लिहीत नाही. प्रोसेसर ज्यावर बसतो त्या कुठल्याही बोर्डाला तो बसतो, असंही छापलं होतं. वस्तुस्थिती अशी की प्रोसेसर करणाऱ्या कंपन्या दोन, दोघींच्या बोर्डांची भोकं निराळी आणि आटेही निराळे. म्हणून पंप बसवायच्या खुंट्याही खोक्यात दोन प्रकारच्या होत्या.

"आपल्या बोर्डाच्या चार आधीच वेगळ्या काढून ठेवा, बाबा. नंतर गोंधळ नको."

मी त्या एका वाटीत काढल्या आणि वाटी संगणकासमोर ठेवली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्याकडे घरातली झाडून सगळी हत्यारं पूजेला बसतात. विळी, शिलाई मशीन, स्कूटर. हिने संगणकाला कुंकू लावलं, आणि वाटीतही काहीतरी हत्यारच आहे म्हणून तिच्यात अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या. दसरा झाल्यावर सगळं निर्माल्य गोळा करून हर्सूल तलावाकाठच्या कुंडात टाकून आली. वाटी घासून मांडणीत लावली.

"अगं, त्या वाटीत खुंट्या होत्या!"

"वर फुलं होती. खाली काय आहे ते उपसून बघत बसू?" ही म्हणाली. "अन् देवाला वाहिलेलं कुणी परत मागतं का?"

मी मागायला गेलो. कुंड रिकामं होतं. तिथला राखणदार बाकावर तंबाखू मळत बसला होता.

"काय हुडकताय, काका?"

"मशीनचे सुटे भाग. निर्माल्यात गेले."

"मशीनचं बी निर्माल्य असतंय व्हय?" तो मनापासून हसला. "सकाळीच गाडी घेऊन गेली. खत होतंय आता त्याचं."

तिथून निराला बाजारातल्या एका संगणकाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने फोनमधला फोटो मोठा करून पाहिला. "सर, ये अलग से नय मिलता. बोर्डच बदलून टाका की, नवा छान येतो." चार खुंट्यांसाठी अख्खा बोर्ड. मी आभार मानले.

घरी येऊन उरलेल्यांपैकी एक, दुसऱ्या कंपनीची खुंटी लावून पाहिली. भोकात थोडी शिरली आणि अडली.

"जरा जोर लावा की," ही म्हणाली.

जोर लावला असता तर बोर्डाचे आटे गेले असते, आणि त्यांच्याबरोबर महिन्यातले चार दिवस सोडून बाकीचे सगळे. मी पाना खाली ठेवला.

मुलीने कूलरच्या कंपनीला कळवलं. नव्या खुंट्या पाठवतो, असं उत्तर आलं. त्या येईपर्यंत तिने परतीचं तिकीट काढलं नाही. हिने तिची गादी गच्चीवर उन्हात टाकली, उचलली, दोन दिवसांनी पुन्हा टाकली. मी रोज सकाळी जुन्या पंपावरच मशीन सुरू करायचो. तापून बंद पडायच्या आत पडद्यावर तिने कधीकाळी केलेले फोल्डर दिसायचे: 'शेवटचं', 'शेवटचं नवीन', 'खरंच शेवटचं'. ते वाचून होईस्तोवर अंधार. हे तिला सांगितलं नाही, ओरडली असती.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा कुरियरने एक पुडी आली. मुलीला फोनवर समोर ठेवून मी खुंट्या बसवल्या. हाताने, अलगद, तळापर्यंत गेल्या. वर पंप टेकला. ही मागे हात जोडून उभी होती. मशीन दिवसभर चाललं.

"काढते मग महिन्यानंतरचं तिकीट," मुलगी म्हणाली. ही लगेच अनारशांचे तांदूळ भिजवायच्या मागे लागली.

ती आली. महिनाभर राहिली. कामाचे तास जर्मनीचेच असल्यामुळे दुपारपासून तिच्या खोलीचं दार बंद असायचं, आणि मीटिंगमध्ये दार वाजवलेलं चालायचं नाही. चहा झाला की तिची आई तिला स्वयंपाकघरातून व्हॉट्सॲपवर कळवायची.