पाय न टेकता

बासष्टाव्या वर्षी कासिल्दा सायकल शिकायला लागली, तीही चर्चसमोरच्या चौकात. होयारूबिया गावाला हे काही पचेना. जेवणं उरकून गाव दुपारी झोपतं, म्हणून तिनं मुद्दाम ती वेळ धरली होती. पण त्या जूनमध्ये गावात कुणाचा डोळाच लागला नाही. खिडक्यांच्या झडपा मिटलेल्या, आणि प्रत्येक फटीला एकेक डोळा.

तिचा दीर सातुरियो मात्र उघडउघड आपल्या बारच्या दारात खुर्ची टाकून बसायचा.

"वहिनी, सर्कशीत भरती हाय का कुठं?"

"हाय की. माकड पायजे म्हनत व्हते, तुमचं नाव दिलंय."

एवढं बोलून ती कारंज्याच्या कठड्यावर जाऊन आदळायची, उठायची, झगा झटकायची आणि पुन्हा टांग टाकायची.

या खुळामागं एक वाट होती. कासिल्दाचा बाप ओलेगारियो खेचरवाला. गावची वाइन कातड्याच्या पखालीत भरून, खेचरांवर लादून, खिंडीपलीकडच्या खोऱ्यात पोचवायची हा त्याचा धंदा. भरलेली पखाल डुचमळली की खेचर बिथरतं. म्हणून जुन्या खेचरवाल्यांनी द्राक्षांच्या तालींमधून वाट अशी फिरवत नेली होती, की आपण डोंगर चढतोय हे आतल्या वाइनला कळूच नये. अकरा वळणं. पुढं मोटारीचा रस्ता झाला, तो खिळा ठोकल्यासारखा सरळ वर. ट्रक आले, खेचरं विकली गेली. कासिल्दानं एकतीस वर्षं गावच्या सहकारी तळघरात वाइनच्या टाक्या आतून घासल्या. टाकीत उतरताना मोठ्यानं गाणं म्हणायची; गाणं थांबलं की वरच्यानं दोर ओढायचा, असं ठरलेलं. आतला वास माणसाला गपकन झोपवतो. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. काम सुटलं त्या हिवाळ्यात तिनं कोयता घेतला आणि काट्यांनी गिळलेली बापाची वाट मोकळी करायला लागली. चार हिवाळे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही.

मग खालच्या बाजूच्या एका बड्या मळेवाल्यानं वाट कुंपणात घ्यायला मागितली. सरपंच म्हणाला, "कासिल्दा, ही वाट कुणी वापरतंय असं दाखव. नाहीतर वर्ष सरलं की कुंपण घातलं जाईल."

वापरणारी माणसं आणायची कुठून? तेवढ्यात कळलं, की जिल्ह्याचं एक मंडळ सायकलवरून सावकाश फिरणाऱ्यांसाठी निवांत वाटांचा नकाशा करतंय. तिनं चिठ्ठी धाडली. मे महिन्यात नेरेआ नावाची मुलगी आली, सायकलीच्या दोन्ही अंगांना भरलेल्या पिशव्या लावून. आठ वळणं सुखानं चढली. नवव्याला, ज्याला सगळे 'कोपर' म्हणतात, तिचं पुढचं चाक थबकलं आणि तिनं पाय टेकला.

"वाट फार सुंदर आहे हो," नेरेआ धापा टाकत म्हणाली. "पण नियम आहे. सामान लादलेल्या सायकलवर साध्या माणसाला पाय न टेकता चढता आलं पाहिजे. नाहीतर मी वाट नकाशात नाही लिहू शकत."

"साधं मानूस म्हंजे कोन गं?"

"म्हणजे शर्यतीतलं नव्हे. तुमच्याआमच्यासारखं."

"मग मी चढून दावते."

"तुम्हाला सायकल येते?"

"ऑक्टोबरात ये. तवर येईल."

चौकातली पडझड जून संपेपर्यंत आटपली. जुलैत ती वाटेला लागली. चौथ्या वळणापर्यंत, मग सातव्या, मग आठव्या. कोपरावर मात्र रोज गाडी अडायची. गुडघे सोलले, एक दात हलला. सातुरियोची थट्टा हळूहळू आटली आणि काळजी सुरू झाली, ती तिला थट्टेपेक्षा जास्त बोचायची.

"वहिनी, पुरे आता. हाड मोडलं तर मीच बसू व्हय उशाशी?"

"नगा बसू. तुमचं तोंड बघून हाड सांधायचं न्हाई."

ऑगस्टमध्ये एकदा पडली, ती उठलीच नाही लगेच. कोपरावर वाटेत बसवलेल्या फरशीच्या दगडांवर तशीच बसून राहिली, गुडघ्यावर थुंकी लावत. बसल्या बसल्या दगड बघत होती. आतल्या अंगाचे दगड धारदार, जसे बसवले तसे. आणि दरीकडच्या, बाहेरच्या अंगाचे? वाटीसारखे खोलगट, गुळगुळीत. तिनं बोटानं चाचपून पाहिलं. खूर. शेदीडशे वर्षांचे खूर.

खेचर कधी आतून वळलंच नव्हतं! आतला कोन चढा, तिथं पखाल डुचमळणार. म्हणून ते दरीच्या कडेनं लांबून वळसा घ्यायचं. माणूस तेवढं जवळचं बघून आत शिरतं. ती आणि नेरेआ, दोघी तिथंच फसल्या होत्या.

"एवढी वर्सं टाक्या घासल्या, डोकं घासायचं ऱ्हायलं," ती स्वतःशीच म्हणाली. सायकल उचलून दोन वळणं खाली गेली आणि पुन्हा आली. दरीकडं बघायचं नाही, एवढंच करायचं होतं. बाहेरून वळली. चाक जराही थबकलं नाही.

द्राक्षतोड संपली आणि ठरल्या दिवशी नेरेआ आली. ओझं म्हणून सातुरियोनं कासिल्दाच्या सायकलला दोन पिशव्या लावून दोन्हींत वाइनचा एकेक बुधला ठेवला.

"सांडू नका म्हंजे झालं."

कासिल्दा निघाली. मागं नेरेआ, तिच्यामागं सातुरियो चालत, दम खात. कोपर बाहेरून असं सहज पार झालं, की नेरेआ "अरेच्चा!" म्हणून ओरडली. आणि दहाव्या वळणावर समोरून गावच्या बकऱ्या राखणाऱ्या प्राखेदेसचा कळप उतरला. वाट भरून बकऱ्याच बकऱ्या. कासिल्दानं ब्रेक दाबला आणि पाय टेकला.

प्राखेदेसचं तोंडच उतरलं. "कासिल्दे, मला काय ठाव…"

"हे धरायचं नाही," नेरेआ घाईनं म्हणाली. "बकऱ्यांमुळे झालं, मी पाहिलंय ना."

"कागदावर काय लिवशील?"

"पाय न टेकता."

"मग टेकलाय की."

तिनं सायकल वळवली. सातुरियो आडवा आला. "वहिनी, पाय बघा कसे लटलट कापतायत. उद्या करा."

"उद्या ह्येच पाय असनार. व्हा बाजूला."

ती थेट खाली, पहिल्या वळणाच्याही खाली जाऊन थांबली. अर्धी बाटली पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि पुन्हा टांग टाकली. पाचव्या वळणावर तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. सातव्यावर सायकल इतकी हळू झाली, की आता पडते की मग, असं वाटावं. आठव्यापुढं ती गायला लागली, टाकीत गायची तसं, तुटक, बेसूर. गाणं चालू आहे तोवर बाई शुद्धीवर आहे, हे सातुरियोला ठाऊक होतं. तो कान लावून चालत राहिला. कोपर. बाहेरून. दहा. प्राखेदेसनं सगळा कळप तालीवर चढवून ठेवला होता आणि टोपी काढून उभा होता. अकरा.

खिंडीच्या तोंडाशी चेस्टनटचं जुनं झाड आहे. कासिल्दानं एका हातानं त्याला मिठी मारली आणि तशीच सायकलवर बसून राहिली, दोन्ही पाय पायडलवर.

"झालं, बाई! आलात वर!" नेरेआ धावत आली. "उतरा आता."

"आदी लिव."

"लिहिते हो, पण आधी—"

"आदी लिव. मग टेकते."

नेरेआनं पिशवीतून कागद काढला आणि उभ्या उभ्या, झाडाच्या खोडावर धरून, लिहायला लागली. कासिल्दा झाड धरून तिच्या पेनाकडं बघत होती.

"कोपरावर बाहेरून वळा, हे बी घाल," ती म्हणाली. "आनि मोठ्या अक्षरात."