पासपोर्ट आणि धुरा

आमच्या गावच्या पोलीस पाटलानं रिसोडहून माझ्या पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या शिपायाला सांगितलं की या नावाचा कोणी पोरगा गावात राहत नाही. शिपायानं चहा घेतला, सायकलवर टांग मारली आणि तो निघून गेला. त्या वेळी मी पाटलाच्या ओसरीवरून हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर, आमच्या दारात दाढी करत बसलो होतो.

पाटील विसरला असेल असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. नागपूरला जाऊन पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेला गावात मी एकटाच होतो. पाटलाचा थोरला आणि मी चौथीपासून एका वर्गात. तो वाशीमच्या कॉलेजात आपटला आणि घरी येऊन पत्ते कुटत बसला. त्यातून मी बौद्धवाड्यातला, आणि त्या वाड्याला पाटील अजून जुनंच जातीचं नाव लावायचा. एवढं पुरेसं होतं.

एका परदेशी विद्यापीठानं मला उपग्रह-दळणवळणाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला घेतलं होतं, शिष्यवृत्तीसकट. नाना देशांची पोरं तिथे एकत्र शिकणार आणि मग आपापल्या देशात अंतराळाच्या कामाला लागणार, अशी ती योजना. गावात हे कुणाला धड सांगता येईना. ‘चंद्रावर जाऊन राह्यला का रे?’ असं म्हातारे कौतुकानं विचारायचे. पाटील पारावर सगळ्यांदेखत म्हणाला होता, ‘थो उपग्रह काय तुह्या बापाच्या म्हशीचं शेण काढन?’ लोक हसले. मीही हसलो, कारण तेव्हा मला वाटलं होतं की हा माणूस बोलण्यापलीकडे माझं काही बिघडवू शकत नाही.

पासपोर्ट कचेरीचं उत्तर आलं तेव्हा कळलं. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल, अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. मी रिसोडच्या ठाण्यात गेलो. फौजदार माणूस वाईट नव्हता. मला समोर बघून त्यालाही हसू आलं. पण म्हणाला, ‘पाटील नाही म्हणतो तर मी काय करू? त्याच्याकडूनच हो म्हणवून आण.’ इकडे सत्र सुरू व्हायला फार वेळ उरला नव्हता. वेळेत हजर झालो नाही तर माझी जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

मी पाटलाकडे गेलो नाही. माझा स्वभाव मुळात भडक, त्यात नाकावर राग. गेलो असतो तर पासपोर्ट राहिला बाजूला, तुरुंगाची वाट धरली असती. घरी माय चुलीपुढे बसून पाटलाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मला ते ऐकून बरं वाटायचं. बाबा मात्र जेवून बैलांच्या वैरणीला लागायचे, आणि ते मला पाटलापेक्षा जास्त झोंबायचं.

तेवढ्यात पाटलाचाच पाय गाळात रुतला. त्याच्या चुलतभावानं वाशीमच्या कोर्टात दावा टाकला होता. दोघांच्या वावरांमधला धुरा, म्हणजे शेताचा बांध, पाटलानं दरसाल थोडा थोडा सरकवला, असा आरोप. आमचं वावर त्या दोन्ही वावरांना लागून. शिवाय जुनी रीत अशी की हद्दीचं भांडण लागलं की आमच्या लोकांना बोलवायचं आणि त्यांनी दाखवलेली हद्द सगळ्या गावानं मानायची. इतर वेळी ज्याची सावली नको, त्याचा शब्द मात्र इथे शेवटचा. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, हलगी सोडली, गावकीची सगळी कामं सोडली. हद्द सांगायला बाबा तरीही जायचे. कुणी टोकलं तर म्हणायचे, ‘गावकी सोडली, खरं बोलनं नाई सोडलं.’ त्या भाऊबंदांची वाटणी झाली तेव्हा बाबा धुऱ्यावर हजर होते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

एके सकाळी पाटील आमच्या दारात आला. जन्मात पहिल्यांदा. मायनं बाज टाकली नाही. तो उन्हात उभाच राहिला.

‘कोर्टात सांगशीन ना बावा, धुऱ्याचं?’

‘मले मालूम हाये थे सांगीन, पाटील.’

पाटलानं माझ्याकडे एक नजर टाकली. ‘पोराचं काम करून टाकतो. काहून थांबलं होतं कोन जाने.’

बाबांनी नुसती मान हलवली. पाटील गेला आणि मी बाबांवर तुटून पडलो. म्हटलं, त्याच्या बाजूनं खोटं बोलून मिळालेला पासपोर्ट मला नको. मी इथे नांगर धरीन, पण त्या माणसाची जीत बघणार नाही. त्याला कोर्टात तोंडघशी पाडा, मग माझं काय व्हायचं ते होवो. बाबा बैलाच्या गळ्यातली गाठ सोडवत होते. वर न बघता म्हणाले, ‘तू तुया पासपोर्ट घे.’

पाटील खरंच रिसोडला गेला आणि माझ्यासाठी हो म्हणून आला. पासपोर्ट आला. वर त्यानं शाळेत माझा सत्कारही घडवला. ‘आमच्या गावचं लेकरू’ असं भाषण ठोकलं आणि माझ्या हातात नारळ ठेवला. तो नारळ त्याच्याच कपाळावर फोडावा असं मनात आलं. मायनं त्याची चटणी केली. म्हणाली, ‘नारयाचा काय दोष?’

कोर्टाच्या तारखेला पाटलानं आम्हाला आपल्या दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, चला म्हटलं. बाबा म्हणाले, आमी यष्टीनं येतो. कोर्टात पाटील पुढच्या बाकावर पांढरंशुभ्र धोतर नेसून, पाहुण्यासारखा ऐसपैस बसला होता. त्याच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं की धुरा पहिल्यापासून आहे तिथेच आहे ना.

बाबा म्हणाले, ‘वाटनी झाली तवा धुऱ्याच्या अल्याड बाभूय होती, चुलतभावाच्या वावरात. आज थेच बाभूय पाटलाच्या वावरात उभी हाये.’

‘म्हणजे काय?’ न्यायाधीशांनी विचारलं.

‘बाभयीले पाय नसते, सायेब.’

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी पाटलाकडे बघत होतो. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याचं तोंड उघडं पडलं ते मिटेना. इतका आनंद मला एम.एस्सी.च्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. साक्ष संपली तेव्हा मी टाळी वाजवायचाच राहिलो.

ते तोंड मी सोबत परदेशी नेलं. तिथे वर्गात बावीस-तेवीस वर्षांची, नाना देशांची हुशार पोरं होती. लहानपणापासून दुर्बिणी हाताळलेली, इंग्रजी फाडफाड बोलणारी. पहिल्या सत्रात उपग्रहाच्या कक्षेची गणितं मला उलगडेनात. प्रयोगशाळेत अँटेना आकाशाकडे वळवायची म्हटली की मी दुसऱ्या कुणाला तरी पुढे करायचो. खचायला झालं की मी पाटलाचं ते उघडं तोंड डोळ्यांपुढे आणायचो आणि पुन्हा गणिताला बसायचो. इतरांना म्हणे अंतराळाची ओढ होती. मला पाटलाची होती. मी पहिल्या पाचांत पास झालो.

दोन वर्षांनी पदवी घेऊन आलो, अहमदाबादेत उपग्रहांच्याच कामावर रुजू होण्याआधी महिनाभर गावी. पाटील धुऱ्याचा दावा हरला होता. त्यानं त्याचा राग आमच्या गाडीवाटेवर काढला. आमच्या वावरात जायची वाट त्याच्या शेतातून होती, ती त्यानं काटे टाकून बंद केली. दोन हंगाम माय आणि बाबा टेकाडाला वळसा घालून सगळं पीक डोक्यावरून आणत होते. पत्रांत यातलं अक्षरही नव्हतं. मायच्या मानेला आता एका बाजूला वळता येत नव्हतं. ते पाहिलं आणि माझा राग पुन्हा पेटला. त्यात पहिल्यांदाच स्वतःवरचाही राग होता, कारण कोर्टातला आनंद सगळा मी घेऊन गेलो होतो आणि ओझं या दोघांनी वाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कडब्याचा भारा डोक्यावर घेऊन बाबांबरोबर निघालो. टेकाड उतरलं की वाट पाटलाच्या गोठ्यावरून जाते. तो दारात उभा होता, भोवती चार माणसं.

बाबा थांबले. खणखणीत आवाजात म्हणाले, ‘जय भीम, पाटील!’

पाटलानं मान फिरवली. चार माणसं जमिनीकडे बघू लागली. बाबा पुढे चालू लागले.

‘रोज म्हणता?’ मी विचारलं.

‘रोज. जाता अन् येता.’

‘तो तर उत्तरच देत नाही.’

‘न देऊ दे,’ बाबा म्हणाले. ‘आयकू तं येते.’ आणि मिशीत हसले. खरं बोलण्यापलीकडे ज्यांना काही नको होतं असं मी दोन वर्षं समजत होतो, ते माझे बाबा.

मी भारा तसाच डोक्यावर घेऊन मागे वळलो आणि गोठ्यापर्यंत परत गेलो. पाटील अजून दारातच होता. बाबांपेक्षा मोठ्यानं मी म्हणालो, ‘जय भीम, पाटील!’