बाबांना करमावं म्हणून

त्या दिवशी सकाळी बाबा विहिरीवर मोटर सुरू करायला गेले. त्यांना करंट लागला. दुपारी लोकांनी त्यांना घरी आणलं. आई चुलीपाशी होती. मी शाळेत होते. भाऊ बोरी अरबला आत्याच्या गावी होता. संध्याकाळी बाबांना नेलं.

निरोप मिळताच आत्या धावत आली, पण भावाला तिनं सासूपाशी ठेवलं. पाच वर्षांच्या लेकराला हे कशाला दाखवायचं, असं घरातल्या मोठ्यांचंही म्हणणं पडलं. अग्नी बाबांच्या मोठ्या भावानं दिला. त्यांना आम्ही मोठे बाबा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मोठी आई. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच होतं. राख सावडून झाल्यावर आत्याच्या घरचं कोणीतरी भावाला एसटीनं घेऊन आलं. तो फाट्यावरून पायी चालत आला होता. एका हातात आत्यानं शिवलेली पिशवी होती आणि पिशवीत बोरं होती.

ओसरीत माणसं बसलेली पाहून तो पायरीवरच थांबला. सगळ्यांकडे एकदा पाहून त्यानं विचारलं, “बाबा कुठी हायेत?”

मी दाराला टेकून उभी होते. मग आतून मोठी आई आली, तिनं त्याला उचलून कडेवर घेतलं आणि म्हणाली, “कापूस घेऊन गेले, बाप्पा. आर्णीले. लाईनीत हायेत.”

आज इतक्या वर्षांनी मला वाटतं की दुसऱ्या कुठल्या मुलखात हे वाक्य टिकलं नसतं. आमच्याकडे ते अगदी सहज खपलं. त्या वर्षांत कापूस विकायचा म्हणजे सरकारी खरेदी केंद्रावर गाडी लावायची आणि नंबर लागेपर्यंत बसायचं. रस्त्याच्या कडेनं गाड्या, ट्रॅक्टर, पुन्हा गाड्या, अशी ती रांग जिनिंगच्या फाटकापासून पार गावाबाहेर जायची. कधी भरायच्या पोत्यांचा बारदाना संपायचा, कधी मोजणारे यायचे नाहीत, कधी खरेदीच बंद व्हायची. माणसं गाडीखाली झोपायची, तिथंच दगड मांडून भात शिजवायची. ज्याच्या त्याच्या घरचा बाप असा चार-पाच दिवस नाहीसा व्हायचा आणि मग दाढी वाढवून, कपड्यांना तंतू चिकटलेले, असा परत यायचा. आमची बैलगाडी मोठ्या बाबांच्या वावरातल्या गोठ्यावर उभी होती, तीही घरापाशी दिसत नव्हती. त्यामुळे भावानं मान हलवली, कडेवरून उतरला आणि बोरं वाटायला लागला.

मोठ्या आईनं मला मागच्या अंगणात नेऊन सांगितलं की तू काही बोलू नको, दहाव्याला न्हाव्याकडून त्याचं डोकं करावंच लागेल, तेव्हा मोठे बाबा त्याला नीट समजावून सांगतील. माणसं कशाला येतात असं त्यानं विचारलं, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की आई बिमार आहे, तिला भेटायला येतात. आई खरोखरच बिमार असल्यासारखी आतल्या खोलीच्या कोपऱ्यात बसलेली असायची. तेरवी होईपर्यंत तिनं तिथून हलायचं नव्हतं. तिच्याभोवती बाया असायच्या. भाऊ मधूनच जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवायचा, ती त्याच्या केसांतून हात फिरवायची. त्याला काय सांगितलं गेलंय हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

सुतकाच्या घरात मुलांनी काय करायचं असतं, हे कुठंच लिहिलेलं नाही. टीव्हीवर चादर टाकलेली होती. रेडिओ मोठी आई तिच्या घरी घेऊन गेली होती. शाळेत जायचं नव्हतं, बाहेर खेळायला गेलं तर लोक काय म्हणतील म्हणून तेही नव्हतं. हसायचं नाही, हे तर कोणी न सांगताच कळलं होतं. मी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरलेले जुने पेपर वाचायचे, डबे बाजूला सरकवून. तिरक्या मानेनं, अर्धी बातमी एका डब्याखाली तर अर्धी दुसऱ्या डब्याखाली. भावाला वाचता येत नव्हतं. तो दुसऱ्या दिवशीच म्हणाला, “ताई, मले करमून नाही राह्यलं व.”

मी म्हटलं, मलाही नाही.

मग त्यानं स्वतःच एक उद्योग शोधला. भेटायला येणारे लोक पायरीपाशी चपला काढून ठेवत. तो तिथं बसायचा आणि त्या चपलांच्या जोड्या बदलायचा. एक काळी, एक तपकिरी. एक नवी, एक टाचेला झिजलेली. लोक आत गंभीर तोंडानं बसून, पाणी पिऊन, “आता धीर धरा” म्हणून बाहेर यायचे आणि पायरीवर उभे राहून आपल्याच पायांकडे बघत बसायचे. गावातले एक म्हातारे तर दोन वेगळ्या चपला घालून घरी गेले आणि त्यांच्या बायकोनं नातवाच्या हाती एक परत पाठवली. त्या नातवानं येऊन निरोप सांगितला: आजी म्हणे, भेटाले गेलते का चपला बदलाले गेलते. भाऊ खांबाच्या आड तोंडावर हात दाबून हसत होता. मलाही हसू आलं. मी आत पळाले आणि पिठाच्या डब्यापाशी उभी राहून हसले, आणि मग तिथंच रडले.

करमत नसलं की बाबांची एक सवय होती. मागच्या हंगामात ते मला एकदा लाईनीत घेऊन गेले होते, सुट्टी होती म्हणून. दुपारपर्यंत मी कंटाळून गेले आणि कधी नंबर लागणार म्हणून सारखं विचारू लागले. तेव्हा त्यांनी गाडीतून मूठभर कापूस काढला, बोटांनी एकेक सरकी सोडवली आणि त्या बियांची मूठ मिटून माझ्यासमोर धरली. एकी का बेकी? मी बेकी म्हटलं. एकी निघाली. संध्याकाळपर्यंत आम्ही तेच खेळलो. शेजारच्या गाडीवाल्यांनीही मुठी धरल्या. भाऊ त्या दिवशी मोठ्या बाबांबरोबर डबा द्यायला आला होता आणि जाताना रडला होता, कारण त्यालाही तिथंच राहायचं होतं. त्यामुळे लाईन म्हणजे काय, हे त्याला नीट माहीत होतं. तिथं किती वेळ बसावं लागतं हेही.

म्हणूनच त्याच्या डोक्यात ते आलं असावं. एका दुपारी तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “बाबाले तिथं करमत नसन.”

मी पेपरातून वर पाहिलं नाही.

तो म्हणाला की या वेळेस त्यांच्यासंग कोणीच गेलेलं नाही. तू घरी, मी घरी. मग एकी-बेकी ते कुणासंग खेळत असतील? मी म्हटलं, शेजारच्या गाडीवाल्यासंग. त्याला ते पटलं नाही. एखाद्या वेळी शेजारी ट्रॅक्टर असतो, म्हणाला, आणि ट्रॅक्टरवाले खेळत नाहीत, ते झोपतात.

त्या दिवसापासून त्याचं स्वतःचं करमत नाही म्हणणं थांबलं. तो कामाला लागला. आत्याच्या पिशवीत तो वस्तू जमवू लागला. एक गोटी. पत्त्यांचा जोड, ज्यातला चौकटचा राजा हरवला होता आणि त्याच्या जागी पुठ्ठा होता. थोडी बोरं, सुकत चाललेली. फुटलेल्या आरशाचा तुकडा, त्यानं दूरच्या माणसाच्या डोळ्यांवर ऊन पाडता येतं म्हणून. ओसरीत कोणी नवीन माणूस आलं की तो आधी विचारायचा, “तुमी आर्णीले चालले का?” एकानं हो म्हटलं, तेव्हा त्यानं पिशवी पुढे केली. बाबाले द्या म्हणाला, लाईनीत हायेत. त्या माणसानं मोठ्या बाबांकडे पाहिलं. मोठ्या बाबांनी खाली पाहिलं. त्या माणसानं पिशवी घेतली, थोडा वेळ मांडीवर ठेवली आणि जाताना पाण्याच्या तांब्यामागं ठेवून गेला. भावाला ती संध्याकाळी तिथं सापडली. तो मला म्हणाला, “इसरला वाटते तो माणूस.” रागावला नाही. पिशवीतलं एक बोर खाल्लं आणि ती पुन्हा दाराच्या खिळ्याला अडकवली.

आमच्या घरातली समोरची खोली त्या वर्षी बंद होती. खिडकीपर्यंत कापूस भरलेला होता. भाव पडले होते, केंद्र कधी उघडं कधी बंद, म्हणून बाबांनी थांबायचं ठरवलं होतं. आम्हाला तिथं जायला मनाई होती. कापसात लोळलं की अंगाला खाज सुटते आणि कापूस तुडवला जातो. त्या खोलीमुळेच माणसांना ओसरीत बसवावं लागत होतं. दाराला बाहेरून कडी असे. भाऊ आत्याकडे जाताना कापूस तिथंच होता, पण आता बाबा तो घेऊन गेले, असंच तो धरून होता. कडीपर्यंत त्याचा हात पोचत नव्हता, त्यामुळे ते धरून राहणं सोपं होतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी ओसरी भरलेली होती. उद्या कोण येणार, नदीवर किती वाजता निघायचं, न्हाव्याला सांगितलं का, असं मोठे बोलत होते. भाऊ बराच वेळ दिसला नव्हता. मी त्याला शोधायला उठणार, तेवढ्यात समोरच्या खोलीचं दार आतून ढकललं गेलं. माणसं जमायच्या आधीच तो पिंप सरकवून त्यावर चढला असणार आणि त्यानं कडी काढली असणार. केसांत, भुवयांत, शर्टाला सगळीकडे कापूस. आईचं एक जुनं लुगडं त्यानं पसरून त्यात कापूस भरला होता आणि ते गाठोडं त्याला उचलत नव्हतं, म्हणून तो ते फरफटत बाहेर ओढत होता. ओसरीच्या मधोमध येऊन तो थांबला. धापा टाकत होता.

मोठ्या बाबांना म्हणाला, “बाबा कापूस घरीच इसरून गेले. सगळाच घरी हाये. त्याईचा नंबर कसा लागन?”

सगळे त्या गाठोड्याकडे बघू लागले. त्याला वाटलं, यांना समजलं नाही. म्हणून तो पुन्हा सांगू लागला, की बाबा तिथं नुसती गाडी घेऊन बसलेत, म्हणूनच इतके दिवस झाले, मोजणारा त्यांच्याजवळ येतो आणि पुढे जातो. चला ना, गाडी काढा. मी धरतो बैलं.

मोठी आई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. आणि मग आई बाहेर आली. कोपऱ्यातून, सगळ्या बायांमधून उठून, सगळ्या पुरुषांसमोर. तिला कोणीतरी आतून हाक मारली, जाऊ नको म्हणून. ती जमिनीवर बसली, त्या गाठोड्यापाशी, आणि भावाला तिनं समोर उभं केलं. त्याच्या केसांतला कापूस ती काढत होती.

“कोणं सांगलं तुले लाईनीत हायेत म्हणून?”

त्यानं मोठ्या आईकडे बोट दाखवलं. आईनं तिकडे पाहिलंच नाही.

ती म्हणाली, “बाबा लाईनीत नाहीत. बाबा मेले. विहिरीवर करंट लागला आन् मेले. आता येनार नाहीत.”

तो उभाच राहिला. मला वाटलं रडेल. सगळ्यांनाच वाटलं असावं, कारण दोघंतिघं पुढे सरकले. त्यानं गाठोड्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

“मंग त्याईले करमते का तिथं?”

आईनं त्याला जवळ ओढलं आणि तेव्हा ती पहिल्यांदा ओरडून रडली. त्याआधी ती नुसतीच बसून होती. तो तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता, कोरड्या डोळ्यांनी, अजून उत्तराची वाट पाहत असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी नदीवर त्याचं डोकं केलं. तो हलला नाही. न्हावी म्हणाला, शहाणं लेकरू आहे.

पुढे मी शिकले, पुस्तकं वाचली, लहान मुलांच्या मनाबद्दलचीही वाचली. कंटाळलेल्या मुलांना काय द्यावं, त्यांचा वेळ कसा भरावा, यावर पुष्कळ लिहिलेलं असतं. त्यात चूक काही नाही. पण वाचताना मला नेहमी ते आठवतं, की आमच्या घरात सगळे मोठे रडण्यात आणि सोय बघण्यात गुंतले होते, आणि बाबांचा वेळ कसा जात असेल याची काळजी फक्त एकाच माणसाला होती. ज्याला स्वतःला कंटाळा आला होता त्यालाच. कंटाळ्यातूनच त्याला ती काळजी सुचली होती. त्याच्या हाती दुसरं काही दुःख दिलेलंच नव्हतं.

त्यानंतर त्यानं कधी करमत नाही म्हटलं नाही. उन्हाळ्याच्या लांब दुपारी नाही, परीक्षेनंतर नाही, वसतिगृहात टाकलं तेव्हाही नाही. विचारलं तर म्हणायचा, “चांगलंच हाये.” आई त्याला मुद्दाम विचारायची, काही आणू का खेळायला, कोणाला बोलावू का. तो नको म्हणायचा आणि अंगणात बसून राहायचा, रस्त्याकडे तोंड करून. मी त्याच्यासमोर मूठ धरली की तो एकी म्हणायचा, पण मूठ उघडायच्या आत उठून जायचा.

तो कापूस मोठ्या बाबांनी उन्हाळा लागता लागता नेला. खोली झाडली.

आता वावर दुसऱ्याला कसायला मक्त्यानं दिलेलं आहे. भाऊ वणीला खाणीत नोकरीला आहे, मी यवतमाळला शिकवते. गावी आई एकटी असते. दर रविवारी सकाळी मी तिला फोन करते आणि करमते का म्हणून विचारते. ती हो म्हणते.