मास्तरांची पाठ

कोटाच्या खांद्यावर एक सुरकुती दिसू न देणारे शिंपी म्हणून मास्तरांचा लौकिक होता. चाळीस वर्षं मशीनवर वाकून त्यांनी गावभरच्या माणसांना ताठ दिसायला लावलं, स्वतः मात्र पुढे झुकले ते झुकलेच. एकसष्टाव्या वर्षी जाड लोकरीचं कापड कापताना खांद्याच्या फऱ्याखाली अशी कळ आली, की कातर हातातून सुटली आणि मास्तर कापडावरच आडवे झाले.

डॉक्टरांनी तपासलं. "हाडं ठणठणीत आहेत. पाठीचे स्नायू कामचुकार झालेत. वजनं घेऊन व्यायाम करा."

घरातली सूनबाईच व्यायामशाळेत शिकवायची. लग्न ठरलं तेव्हा मास्तरांनी बायकोला हळूच विचारलं होतं, "ही आपल्याला उचलून फेकणार तर नाही ना?" आता तिच्यासमोर उभं राहायची वेळ आली. सोबत म्हणून बायकोही आली.

"बाबा, डावा गुडघा आणि डावा हात बाकावर टेका. पाठ सपाट. उजव्या हातात डंबेल लोंबू द्या. आता होडी वल्हवतात तसं कोपर कमरेकडे ओढा."

दोन किलोचं डंबेल मास्तरांनी एका हिसक्यात काखेपर्यंत नेलं. "झालं!"

"नाही झालं. हाताने ओढलंत. पाठीने ओढा."

"पाठीला काय हात फुटलेत?"

शेजारच्या बाकावर बायको न बोलता बारा वेळा ओढून मोकळी झाली होती.

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी सूनबाईने त्यांच्या दोन फऱ्यांच्या मधोमध बोट टेकवलं. "बाबा, इथे शिवण मारायचीय. दोन्ही कडा मधे आणा."

"मग हे आधी नाही का सांगायचं!"

कोपर सावकाश मागे गेलं. पाठीत आत कुठेतरी, वर्षानुवर्षं झोपलेलं काहीतरी कूस बदलून जागं झालं. मास्तर लहान मुलासारखे हसले. "अजून एकदा!"

पाच महिन्यांत दोनाचे सहा किलो झाले. मग भाचीचं लग्न निघालं आणि मास्तरांनी कपाटातून स्वतःचा कोट काढून चढवला. समोरून झकास. आरशाकडे पाठ केली, तर कॉलरखाली कापडाचा हा मोठा झोळ!

"कुठल्या गाढवाने कापलाय हा?"

"तुम्हीच," बायको म्हणाली.

मास्तरांना आठवलं. सहा वर्षांपूर्वी, कुणाला न सांगता, आपल्या पोकासाठी त्यांनी पाठीत जास्तीचं कापड सोडलं होतं. ते स्टुलावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटले. मग सूनबाईला हाक मारून तिच्या हातात टेप दिली. आजवर त्यांनी स्वतःचं माप दुसऱ्या कुणाला घेऊ दिलं नव्हतं.

"जुन्या मापापेक्षा दीड इंच कमी."

"परत मोज."

"दीडच, बाबा."

दुपारभर गुणगुणत त्यांनी शिवणी उसवल्या आणि नव्याने घातल्या. लग्नात तिघांनी विचारलं, कोट कुणी शिवला? "शिलाई माझी," मास्तर सांगत, "पाठ सूनबाईची."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आठ किलोचं डंबेल मागितलं. सूनबाईने सहाचंच दिलं. कुरकुरत का होईना, त्यांनी ते घेतलं. आठाचं तसंही मोकळं नव्हतं, शेजारच्या बाकावर बायको ते ओढत होती.