मेलेल्या वडिलांसाठी अंधार

आमच्या नाट्यमंडळाच्या रंगमंचाला पडदा नव्हता. टोकावड्याच्या पुढे एका गावात देवळासमोर दगडी चौथरा होता, त्यावर जत्रेच्या संध्याकाळी आम्ही नाटक करीत असू. पडदा नसला की नाटकातल्या मेलेल्या माणसाची पंचाईत होते. प्रवेश संपल्यावर त्याला उठून निघून जायचे असते, आणि त्यासाठी कोणीतरी काळोख पुरवावा लागतो. ते काम माझ्याकडे होते. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवीत असल्यामुळे विजेतले मला सर्व कळते, असा गावाचा समज होता. दुर्दैवाने तो माझाही होता.

नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एका नाट्यगृहाने मोडीत काढलेला डिमर मीच पसंत करून आणला होता. डिमर म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारी पेटी. तिच्यावर सहा उभ्या फटींत सरकणाऱ्या सहा दांड्या होत्या. दांडी खाली ओढली की तिचा दिवा मावळे. एका वर्षी चौथ्या दांडीने दगा दिला. नाटकातले वडील खाटेवर वारले, मी दांडी हळूहळू खाली आणली, दिवा निम्म्यावर आला आणि एकदम लख्ख पेटला. वडील तोवर उठून बसले होते. त्यांनी प्रेक्षकांकडे पाहिले, पुन्हा आडवे होण्यात अर्थ नाही हे ओळखले, आणि कांबळे काखोटीला मारून चालते झाले. पुढे कितीतरी दिवस बाजारात त्यांना लोक विचारत, "काय रे बाबा, जिता झालास?"

वडिलांची भूमिका करणारे हे गृहस्थ भातशेती करीत. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आणि त्यांच्या तोडीचा नट मंडळात दुसरा नव्हता. पुढच्या वर्षी तालमीला ते आले ते अट घेऊनच. "सर, यंदा मेल्यावर दिसलो, तर पुन्यांदा तोंडाला रंग लावणार नाय. सांगून ठेवतो."

मी काम पद्धतशीरपणे हाती घेतले. फुलस्केप कागदावर चार रकाने आखले: लक्षण, शक्यता, चाचणी, निष्कर्ष. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे मी मुलांना शिकवीत असे. तेच आचरणात आणले. प्रथम दिवा बदलला. मग वायर. मग चौथीचा दिवा पाचव्या दांडीला जोडला. तो शहाण्यासारखा मावळला. म्हणजे दोष पेटीत, आणि तोही चौथ्या दांडीत. इथवरचा तर्क निर्दोष होता. याच टप्प्यावर चौथ्या दांडीच्या फटीत डोकावलो असतो, तर पुढचे सारे टळले असते. पण डोकावणे हे मला मिस्त्रीचे काम वाटले. निष्कर्षाच्या रकान्यात मी लिहिले, 'जुनेपणामुळे कपॅसिटर क्षीण झाले असावेत'. खाली पट्टीने रेघ ओढली आणि एसटीने शहापूर गाठले. तिथल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने कपॅसिटर दिले, वर इशाराही दिला. "मास्तर, हे टीव्हीत चालतात. तुमच्या पेटीत काय चालंल, ते तुमी बघा." मी बघितले. दोन रविवार सोल्डरिंग करीत बसलो, तीन बोटे भाजली, आणि दिवा पूर्वीइतक्याच उत्साहाने निम्म्यावरून उसळला.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी वडील चौथऱ्यावर आले. मी त्यांना माझा कागद वाचून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

"सर, ही पालथी कधी घातलीत?"

"पालथी? कशासाठी?"

"सूप झटकतो तशी." आणि मी अडवण्याआधीच त्यांनी पेटी उचलून उलटी धरली व दोन दणके दिले. फटींतून कुंकू पडले, झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या पडल्या, आणि मागोमाग तांदूळ.

"हे कोणी केलं?" मी वर्गातल्या आवाजात विचारले.

त्यांनी चार दाणे तळहातावर घेऊन उन्हात धरले. "आमच्यातलं कोन नाय. आमचा तांदूळ जाडा. हा बारीक हाय, इकतचा."

गावात तांदूळ विकत घेणारे घर एकच होते, ते माझे. दर दसऱ्याला पेटीची यथासांग पूजा मीच करीत असे, आणि अक्षता नेमक्या माझ्यासमोर येणाऱ्या चौथ्या फटीत पडत. दांडी खाली येताना तिची आतली टाच दाण्यावर चढे, खालच्या पट्टीवरून उचलली जाई, संपर्क तुटे, आणि पेटी दिवा पूर्ण पेटवून मोकळी होई. मी दवाखान्यातून स्पिरिट आणि कापूस आणला आणि तासभर मान खाली घालून फट पुसली.

संध्याकाळी वडील वारले. दांडी लोण्यातून उतरावी तशी खाली आली. दिवा निम्म्यावर आला, पावावर आला, विझला. काळोख. आता पंधरापर्यंत मोजून पहिली दांडी वर न्यायची, असे कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. मी मात्र चौथी उसळू नये म्हणून ती दोन्ही अंगठ्यांनी दाबून उभा होतो, आणि मोजायचे विसरलो होतो. प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. मग चौथऱ्यामागून, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो कमावलेला आवाज आला:

"सर, मी कवाच भायेर आलोय! आता पेटवा की!"

जत्रा हसली. घाबरून मी सहाही दांड्या एकदम वर केल्या. खाट रिकामी होती.

नाटक संपल्यावर ते कांबळे खांद्यावर टाकून माझ्याकडे आले.

"दिसलो नाय ना?"

"नाही. पण ऐकू आलात."

"त्याचं काय नाय. दिसलो नाय, झालं." त्यांनी गालावरचा रंग बाहीला पुसला. "पुढल्या साली पन मलाच मारा."