आईची पहिली बससहल आणि सोलापुरात अडकलेला ब्रेक

अण्णांनी आयुष्यभर टूरिस्ट बस चालवली, पण आईला तिच्यातून कधी कुठं नेलं नाही. सीझनला सीटच रिकामी नसायची. यंदा मालकांनी जुनी, डिस्क ब्रेकवाली बस विकायला काढली, ती अण्णांनीच घेतली. पहिली सहल विजापूर. एवढ्या मोठ्या बसमध्ये आम्ही तिघंच पुण्याहून निघालो. रस्ता झकास; आई प्रत्येक खिडकीशी बसून आली.

मोहोळ मागं पडलं, सोलापूर जवळ आलं आणि बस डावीकडे ओढू लागली. उतरून पाहिलं तर पुढच्या चाकातून जळका वास. ते गार होईपर्यंत ढाब्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. मग अगदी हळूहळू अक्कलकोट रोडवरच्या मल्लप्पांच्या गॅरेजला पोचलो. हे पूर्वी अण्णांच्या बसवर क्लीनर होते.

चाक उतरवून मल्लप्पा म्हणाले, "अण्णा, पिना कोरड्या पडल्यात की. कॅलिपर सरकंना झालाय."

कॅलिपर म्हणजे डिस्कला पॅडने दोन्हीकडून धरणारा चिमटा. तो पिनांवर सरकला नाही तर पॅड डिस्कला घासतच राहतो.

गोलघुमट बंद व्हायच्या आत गाठायचा, म्हणून अण्णांना घाई होती. सध्या हे एकच चाक करू, असं त्यांचं मत. आई जुन्या टायरवर बसली होती.

"लोकांना इतकी वर्षं जपून नेलंत, मलाही तसंच न्या," ती म्हणाली. "पुढची दोन्ही चाकं करा."

अण्णांनी बाह्या सरसावल्या. पिना पुसायचं काम आईने मागून घेतलं. त्यांच्यावर उष्णता सोसणारं ग्रीस, तेही पातळ थरात. पॅडला आणि डिस्कला थेंबही लागू द्यायचा नाही. पिनांवरची फाटकी रबरं बदलली. कॅलिपर हाताने सुळकन सरकला तेव्हा आई खुदकन हसली. जुनी बस घेऊन निघणार असाल तर हे आधीच करून घ्या.

मुक्काम सोलापुरातच पडला. आईने चादरी घेतल्या.

सकाळी गोलघुमटाच्या सज्जात, जिथं भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडे ऐकू येतं म्हणतात, आम्ही दोघी एका बाजूला, अण्णा पार समोर. ते भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले, "सुमन." आईला नावाने हाक मारताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. आई भिंतीला कान लावून कितीतरी वेळ उभी राहिली.

घरी आल्यावर शेजारणी विचारतात, काय पाहिलंत? आई ग्रीसपासून सुरुवात करते, पिना कशा पुसायच्या ते हातवारे करून दाखवते. घुमटात खरंच ऐकू येतं का, असं कुणी विचारलं, की मात्र म्हणते, "येतं. आपापल्या माणसाला घेऊन जा."