ओठांपासून दूर धरलेली पावरी

तीन वर्षांपूर्वी दोंडाईच्याजवळच्या एका देवळातल्या जुन्या भिंतचित्राबद्दल मी या ब्लॉगवर लिहिलं होतं. चित्रातल्या वादकाची बोटं भोकांवर आहेत, पण वाद्य ओठांपासून वीतभर लांब. मी बेधडक लिहिलं, 'चिताऱ्याला वादन ठाऊक नसावं.' गेल्या महिन्यात त्याखाली एका वाचक बाईंचा अभिप्राय आला: 'ताई, ही पावरी आहे. चित्र चुकलेलं नाही. आमचे सासरे वाजवायचे, येऊन भेटा.'

माझी चूक मलाच निस्तरायला हवी होती. जळगावहून सकाळच्या पॅसेंजरने दोंडाईचा गाठलं, मग साक्रीची एसटी, पिंपळनेरपुढे त्यांच्या गावापर्यंत शेअर जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा हाताशी वेळ ठेवा. स्टँडवर भजी गरम मिळतात. पाणी मात्र घरचं न्या.

त्या बाईंच्या सासऱ्यांनी, आबांनी, माझ्या मोबाईलवरचा चित्राचा फोटो डोळ्यांजवळ धरला.

"चितारी याडा नव्हता, ताई. ज्याना घरमा मयत व्हस, तो वरीसभर फुकत नही. बोटं चालाडस फक्त."

"आबा, पाहुण्यांना आधी चहा घेऊ द्या, मग चुका काढा," सून म्हणाली.

आबा हसले. आढ्याला टांगलेली पावरी त्यांनी उतरवली. वाळलेला भोपळा, बांबूची नळी, पुढे कर्ण्यासारखं तोंड. मी घाईने रेकॉर्डिंग सुरू केलं. सून दारातच थांबली.

पावरी त्यांनी ओठांपर्यंत नेली. तिथून परत छातीशी आणली. मग बोटं चालू लागली, नळीवर टकटक, एक अख्खी चाल. फुंकर नाहीच. टकटक थांबल्यावर जरा वेळाने मी रेकॉर्डिंग बंद केलं.

"मना पोऱ्या गया," ते म्हणाले.

"कधी?"

"चार वरीस व्हई गयात. मना वरीस सरतच नही."

जीपपर्यंत सोडायला सून आली. "तुमच्यासाठी तरी वाजवतील असं वाटलं होतं, म्हणून बोलावलं. आमच्या ह्यांना ती चाल फार आवडायची."

एका मजकुराची दुरुस्ती करायला मी त्यांच्याकडून काय मागितलं होतं, हे मला तिथे कळलं.

जळगावात मेहरूणला घरी येऊन ते जुनं वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, 'हा वादक दुखवट्यात आहे.' मग रेकॉर्डिंग लावलं. कोंबड्या, दूर कुठेतरी ट्रॅक्टर, आणि बोटांची टकटक. शेवटी दारातून सुनेचा आवाज येतो, अगदी हळू: "आबा, एकदा तरी."

टकटक थांबते. पुढे नुसत्या कोंबड्या.